अण्णा, लेडीज पर्स आणि लोकसभा

देश दुकानासारखा चालवला पाहिजे, असं मानणारा एक तरी माणूस प्रत्येक पेठेत असतो, आणि बहुधा त्याचं स्वतःचं दुकान बऱ्यापैकी चाललेलं असतं. आमच्या पेठेत ते अण्णा. किराणा-भुसार, घाऊक आणि किरकोळ. गल्ल्याच्या मागे लक्ष्मीची तसबीर, तिच्या शेजारी राजाजींची आणि दोघांच्या मधोमध ‘उधार बंद’ ही पाटी. पाटी अण्णांच्या वडिलांनी लावलेली. उधारी त्याच्याही आधीची.

राजाजी म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. किराणा दुकानात त्यांचं काय काम, हे नव्या गिऱ्हाइकाला उमगत नाही. एकाने तर ‘हे तुमचे मद्रासकडचे व्याही का?’ असं विचारलं होतं. १९५९ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जेव्हा बाकीची माणसं गुडघ्याला तेल लावत बसतात, तेव्हा राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. सरकारने धंद्यात पडू नये, लायसन-परमिट-कोट्याचं राज्य संपावं, देशाने अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं त्या पक्षाचं म्हणणं. अण्णांचे वडील या पक्षाचे तालुक्यातले प्रमुख कार्यकर्ते होते. दुसरा कार्यकर्ता नव्हता. १९६७ साली पक्षाचे ४४ खासदार निवडून आले आणि तो लोकसभेतला सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला. १९७१ साली आठ उरले. १९७४ साली पक्षच दुसऱ्या पक्षात विरघळला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, आता तसबीर उतरवा. अण्णांचे वडील म्हणाले, ‘खिळा अजून पक्का आहे.’

अण्णांना वारशात दुकान मिळालं, तसा हा खिळाही मिळाला. त्यात त्यांनी स्वतःची थोडी भर घातली. मुहूर्ताशिवाय नवं पोतं उघडायचं नाही. दुकानात संगणक आला तरी पाडव्याला पूजा लाल वहीचीच. फाटकी पँट घालून आलेल्या पोराला साखर मिळेल, पण आधी ‘सुईदोरा पाहिजे का?’ हे ऐकावं लागेल. आणि वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, चाळीस वर्षांत गल्ल्याला हात लावलेला नव्हता. घरखर्चाचे पैसे दर एक तारखेला मोजून मिळत, वहीत सही घेऊन. सही पूर्ण नावाची. क्यूआर कोडला मात्र अण्णांनी फारसा विरोध केला नाही. पैसे ताबडतोब येत असतील तर ती गोष्ट परंपरेत बसते, असं त्यांनी ठरवून टाकलं.

तर १ फेब्रुवारी २०२४ला अंतरिम अर्थसंकल्प आला. अण्णा दरवर्षी अर्थसंकल्प दुकानात बसून ऐकतात; त्या वेळात गिऱ्हाइकाने हळद मागायची नाही. पुढच्या वर्षाची वित्तीय तूट १६ लाख ८५ हजार कोटी रुपये, हे ऐकल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

‘मास्तर,’ ते मला म्हणाले, ‘एवढी उधारी, आणि पाटी कुठेच लावलेली नाही?’

म्हटलं, ‘अण्णा, सरकारला पाटी लावायला जागा कुठे आहे?’

‘मग कुणीतरी जाऊन लावली पाहिजे,’ अण्णा म्हणाले, आणि त्यांचे डोळे राजाजींकडे गेले. माझ्या पोटात गोळा आला. चाळीस वर्षं मुलांच्या डोळ्यांत खोड्या उगवताना पाहिल्या आहेत. ती चमक मला ओळखता येते.

मी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, तोही इतिहासाच्या आधाराने, कारण माझ्याजवळ दुसरा आधार नाही. सांगितलं की १९७१ साली दक्षिण मुंबईतून नवल टाटा अपक्ष उभे होते. टाटा! ज्यांच्या घराण्याचं मीठ पुढे तुमच्याच दुकानात विकलं गेलं ते. पडले. त्याच वर्षी राजस्थानात झुंझुनूतून कृष्णकुमार बिर्ला उभे होते. तेही पडले. इंदिराबाई ‘गरिबी हटाओ’ म्हणत होत्या, आणि मतदारांनी सुरुवात श्रीमंतांपासून केली.

‘पुढे बिर्लांचं काय झालं?’

‘१९८४ पासून अठरा वर्षं राज्यसभेत होते.’

‘म्हणजे पुढच्या दाराने घेतलं नाही, तर माडीच्या जिन्याने गेले.’

‘आपले राहुल बजाजही २००६ साली तसेच गेले. तिथे आमदार मत देतात, जनता नाही. मोठ्या धंदेवाइकांना हे लवकर कळतं.’

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ते मोठे लोक. त्यांना गिऱ्हाईक ओळखत नाही. माझं गिऱ्हाईक मला रोज भेटतं.’ हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि तोच पुढे त्यांना नडला.

शेवटचा उपाय म्हणून मी बरेलीचे काका जोगिंदरसिंग काढले. कापडाचे व्यापारी. आयुष्यात तीनशेच्या वर निवडणुका लढवल्या, सगळ्या हरले, लोकांनी ‘धरतीपकड’ अशी पदवी दिली. १९९२ साली राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, तेव्हा त्यांना ११३५ इतकं मतमूल्य पडलं. जप्त झालेली अनामत ही आपली देशाला देणगी, असं ते मानत.

अण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं, लागू पडलं. पण ते म्हणाले, ‘तीनशे वेळा डिपॉझिट? आणि हा माणूस व्यापारी?’ त्यांना हरण्याचं दुःख नव्हतं. घाऊक खरेदीत सूट मागितली नाही, याचं होतं.

पक्षांचं तिकीट मागून पाहिलं. एका मोठ्या पक्षाच्या जिल्हा कचेरीत मी स्वतः बरोबर होतो. तिथल्या गृहस्थांनी चहा मागवला, आडनाव विचारलं, मग पोटजात विचारली, मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘खर्च किती कराल?’

‘कमीत कमी,’ अण्णा अभिमानाने म्हणाले.

चहा येण्याआधीच मुलाखत संपली. जिन्यात चहावाला पोऱ्या भेटला, तेव्हा अण्णांनी दोन कप तिथेच उभ्याने घेतले, कारण मागवलेला माल परत पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

मग स्वतःचा पक्ष काढायचा विचार झाला. नोंदणीसाठी किमान १०० सभासद मतदार आणि १० हजार रुपये लागतात. १०० माणसं उधारीच्या वहीतच होती. पण खरी मेख पुढे निघाली. १९८९ पासून कायदा असा आहे की पक्षाच्या घटनेत समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. अण्णांनी ते कलम तीनदा वाचायला लावलं. म्हणजे समाजवाद नको म्हणून पक्ष काढायचा असेल, तर आधी समाजवादाची शपथ घ्यायची. ‘हे म्हणजे शाकाहारी खानावळीच्या परवान्यासाठी कोंबडी कापून दाखवण्यासारखं आहे,’ असं अण्णा म्हणाले, आणि अपक्ष उभं राहायचं नक्की झालं. कलम ज्यांनी लिहिलं, त्यांना विनोदाची जाण नव्हती, असं माझं फार जुनं मत आहे.

अपक्षाला दहा सूचक लागतात, त्याच मतदारसंघातले. मान्यताप्राप्त पक्षवाल्याला एक पुरतो. अण्णांनी दहाही जण वहीतून निवडले, बाकीच्या रकमेच्या उतरत्या क्रमाने. नववा म्हणाला, ‘सही करतो, पण मग जुनं खातं मिटलं असं समजायचं ना?’ अण्णांनी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. त्याच्या जागी मी सही केली. माझं खातं चोख आहे, हे या निमित्ताने इथे नमूद करतो.

अर्ज भरायला जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो. आत उमेदवारासह पाचच माणसांना प्रवेश. बाहेर एका पक्षाचा उमेदवार बैलगाडीतून आला होता, दुसरा हत्तीएवढ्या हारातून डोकं बाहेर काढून चालला होता. अण्णा दुकानाच्या टेंपोतून गेले, आणि येताना मोकळा कशाला यायचा म्हणून मार्केट यार्डातून गुळाच्या ढेपा भरून आणायच्या होत्या.

अनामत २५ हजार. अण्णांनी रोख दिली, ५००च्या ५० नोटा. अधिकाऱ्यासमोर एकदा मोजल्या, त्यांना मोजायला लावल्या, पावती उजेडाला धरून वाचली.

‘हे परत कधी?’

‘एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली, तर परत.’

‘व्याज?’

त्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. ‘आजवर कुणी विचारलं नव्हतं,’ म्हणाले.

१९९६ पर्यंत ही अनामत अवघी ५०० रुपये होती. त्या वर्षी तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० आणि आपल्या बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले. बेळगावात सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायला मराठी माणसांनी ढिगाने अर्ज भरले होते. दिल्लीचं लक्ष गेलं, पण प्रश्नाकडे नाही, अनामतीकडे. ती १० हजार झाली आणि पुढे २५ हजार. स्वस्त होता तोवर माल घ्यायला पाहिजे होता, असं अण्णांना वाटून गेलं असणार, बोलले नाहीत.

खरा स्फोट शपथपत्राने झाला. नमुना २६. त्यात उमेदवाराची, बायकोची, एकत्र कुटुंबाची, अवलंबून असणाऱ्यांची सगळी मालमत्ता लिहावी लागते. जमीन गटनंबरासह, सोनं ग्रॅममध्ये, पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न, कर्ज, ठेवी, विमा. आणि हे नुसतं लिहून संपत नाही. निवडणूक आयोग ते संकेतस्थळावर टाकतो. ज्या माणसाने आयुष्यभर भावाला एक आकडा सांगितला, व्याह्यांना दुसरा आणि गणेश मंडळाला तिसरा, त्याचा चौथा आणि खरा आकडा तालुक्याच्या मोबाइलवर फिरू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाचे चार कार्यकर्ते दुकानात आले. हातात छापील प्रत. नम्रपणे म्हणाले, ‘अण्णा, पान सहा बघा. आणि वर्गणी १०१?’

वहिनींनीही ती प्रत वाचली. पत्नीच्या नावावरच्या ठेवी या रकान्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या. माझ्या नावावर इतकं आहे, हे मला माहीतच नव्हतं, एवढंच म्हणाल्या. त्या रात्री अण्णांच्या घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण एक तारखेची सही त्या महिन्यापासून बंद झाली.

मग चिन्ह. अण्णांच्या मनात तराजू होता. व्यापाऱ्याला शोभणारं, न्यायाचंही प्रतीक, शिवाय प्रचाराला दुकानातला नेता येईल. पण तराजू पंजाबात अकाली दलाकडे आहे. मोकळ्या चिन्हांत तो नाही. मोकळ्या चिन्हांची यादी ज्यांनी वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी. फ्लॉवर आहे, ढोबळी मिरची आहे, भेंडी, आलं, फणस आहे. नेलकटर, साबणाची पेटी, मोजे, दारावरची घंटा, स्वयंपाकघरातलं सिंक आहे. देशाची कुठली गरज यातून सुटली नसेल असं वाटत नाही. अपक्षाने तीन पसंत्या द्यायच्या. अण्णांनी पहिली दिली कॅल्क्युलेटर, दुसरी कपाट. तिसरी त्यांनी धाकट्या मुलाला भरायला सांगितली, आणि त्याने घाईत ‘पाकीट’ समजून यादीतल्या शेजारच्या कुठल्यातरी ओळीवर खूण केली. कॅल्क्युलेटरवर आणखी दोघांचा डोळा होता, चिठ्ठीत तो गेला. कपाट दुसऱ्याला मिळालं. अण्णांना मिळाली लेडीज पर्स.

चाळीस वर्षं बायकोच्या हाती गल्ला न देणारा माणूस, डोक्याला फेटा, हात जोडलेले, आणि खाली खांद्याला अडकवायची बायकांची पर्स: असं पत्रक छापून आलं. छापखानावाल्याने पर्सला सोनेरी बक्कल काढलं होतं. अण्णांनी बक्कल काढून टाकायला सांगितलं, पण चिन्ह आयोगाने ठरवलेलं तसंच छापावं लागतं, असं तो म्हणाला. खरं-खोटं बक्कल जाणे.

दुसरी गंमत मतपत्रिकेची. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावं वर्णानुक्रमे. अण्णांचं खरं नाव ‘ह’वरून. त्यामुळे अण्णा सगळ्यांच्या शेवटी. एका यंत्रावर १६ बटणं असतात. उमेदवार १५च्या वर गेल्याने दुसरं यंत्र जोडलं, आणि त्या दुसऱ्या यंत्रावर अगदी खाली अण्णा, त्यांच्या खाली नोटा. म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ यातलं लगेच वरचं म्हणजे अण्णा.

यानंतरचे दिवस मात्र अण्णांच्या आयुष्यातले सुखाचे असावेत, कारण त्यांना हिशोब ठेवायला मिळाला. आयोग उमेदवाराला एक नोंदवही देतो. पांढरी पानं रोजच्या खर्चाला, गुलाबी रोखीला, पिवळी बँकेला. वेगळं बँक खातं उघडावं लागतं. एकाच माणसाला १० हजारांवर रोख द्यायची नाही. आणि दरपत्रक! चहा, वडापाव, खुर्ची, सतरंजी, फेटा, हार, ढोल, भोंगा, प्रत्येकाचा दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवून देतं आणि खर्च त्या दराने मांडायचा. अण्णांनी ते दरपत्रक दुकानात, लक्ष्मीच्या पायाशी लावलं. ‘सरकारने केलेली पहिली शहाणपणाची गोष्ट,’ म्हणाले. मग वाचता वाचता त्यांना पोह्यांचा दर जास्त वाटला आणि त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून ठोक भावात पोहे पुरवायची तयारी दाखवली. उत्तर आलं नाही.

खर्चाची मर्यादा लोकसभेला महाराष्ट्रासारख्या राज्यात ९५ लाख. अण्णांनी मतदारसंख्येने भागलं. १९ लाखांच्या आसपास मतदार. ‘माणशी पाच रुपये,’ अण्णा म्हणाले. ‘पाच रुपयांत कटिंगसुद्धा येत नाही, आणि हे लोक खासदार आणतात?’ मग समोरच्या पक्षकचेरीबाहेर उभ्या असलेल्या तीसएक गाड्यांकडे त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, ‘यांच्या वहीत कुठलीतरी पानं चिकटलेली असणार.’

निरीक्षकांसमोर वही तीनदा तरी तपासायला न्यावी लागते. निरीक्षक महसूल सेवेतले, म्हणजे आयकराच्या गावचे. ज्या खात्याच्या नुसत्या लिफाफ्याने अण्णांचं जेवण कमी व्हायचं, त्या खात्याच्या माणसासमोर ते इस्त्रीचा सदरा घालून आपणहून जाऊन बसत. आयोग उमेदवाराच्या खर्चाची एक छाया नोंदवहीही ठेवतो. उमेदवार काय लिहितो आणि आयोगाच्या माणसांना काय दिसतं, याचा ताळा बघायला. अण्णांची वही आणि छाया वही यांत तफावत निघाली ती साडेचार रुपयांची, आणि ती छाया वहीची चूक होती. निरीक्षकांनी उभं राहून हात मिळवला. संपूर्ण निवडणुकीत अण्णांना मिळालेली एवढी एकच निर्विवाद पावती.

प्रचार? प्रचार असा. जाहीरनाम्यात एकच ओळ होती: ‘काहीही फुकट मिळणार नाही.’ मी सुचवलं, निदान ‘रास्त भावात मिळेल’ असं लिहा. अण्णा म्हणाले, खोटं कशाला लिहायचं. त्या सुमाराला बाकीचे उमेदवार कर्जमाफी, बिल माफी, खात्यात थेट रक्कम यांचे लिलाव लावत होते, आणि अण्णा कोपऱ्यावर उभे राहून सांगत होते की उत्पन्नाहून जास्त खर्च करणारा देश आणि घर दोन्ही बुडतात. लोक मन लावून ऐकत. टाळ्याही वाजवत. ‘अण्णा, खरं बोलता हो तुम्ही,’ असं म्हणत आणि पलीकडच्या मांडवात जेवायला जात.

मतदारसंघात सहा विधानसभा, दोन हजारांच्या घरात मतदान केंद्रं. अण्णांची फौज म्हणजे दोन मुलगे, दिवाणजी, मी, आणि दुकानातला हमाल, जो दिवसातून दोनदा ‘पण आपल्याला मिळणार काय?’ असं विचारून सगळ्यांचा उत्साह मोजून घेई. केंद्रावर बसवायला प्रतिनिधी लागतात. एका माणसाने चारशे केंद्रं सांभाळायची, असा अण्णांनी हिशोब काढला. हिशोब बरोबर होता.

खरी सुरुवात झाली ती वहिनींनी पर्स खांद्याला लावली तेव्हा. अण्णा घरोघरी जात, उंबऱ्याबाहेर उभे राहत, पुरुषांशी तुटीबद्दल बोलत. वहिनी सरळ स्वयंपाकघरात. बाहेर अण्णांचं पाच मिनिटांत संपे, आतून अर्धा अर्धा तास हसण्याचे आवाज येत. एका घरी मी दाराशी उभा होतो, तेव्हा ऐकलं. वहिनी पर्स उघडून दाखवत होत्या. आत होतं काय? दोन चाव्या, एक खडीसाखरेची पुडी आणि घडी घातलेलं अण्णांचं शपथपत्र. ‘पान सहा वाचा,’ त्या म्हणत होत्या, ‘आणि तुमच्या ह्यांनाही विचारा, तुमच्या नावावर काय आहे ते. उभं राहिल्याशिवाय सांगत नाहीत हे लोक.’

त्या आळीतल्या बायकांनी वहिनींना विचारलं, ‘वहिनी, तुम्हीच का नाही उभ्या राहिलात?’ वहिनींनी उत्तर दिलं नाही. अण्णांनी ऐकलं, पण ऐकू न आल्यासारखं केलं. संध्याकाळी गुलाबी पानावर मात्र ‘सौ., प्रवासखर्च’ असं नवं खातं दिसलं.

आणि आश्वासनं? मतदाराने उमेदवाराला इतकी आश्वासनं दिलेली मी पाहिली नव्हती. जो तो म्हणे, ‘अण्णा, आमच्या घरची पाचही मतं पर्सलाच. नक्की.’ अण्णा वहीत टिपून घेत. मी एकदा हळूच म्हणालो, ‘अण्णा, हीच माणसं उधारीबद्दल काय म्हणतात?’ अण्णा म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात नक्की.’ आणि त्यांनी टिपणं चालूच ठेवलं. चाळीस वर्षं ज्या शब्दावर या माणसाने छटाकभर डाळ दिली नव्हती, त्या शब्दावर तो लोकसभा लढत होता. निवडणुकीने भल्याभल्या हिशोबी माणसांचं जे होतं ते हेच. धंद्यात संशय हे भांडवल असतं. मत मागायला गेल्यावर समोरच्याचं पहिलंच ‘नक्की’ खरं वाटायला लागतं.

४ जूनला मोजणी झाली. अण्णा पडले, हे सांगायला नको. नोटाला त्यांच्याहून जास्त मतं पडली, हे मात्र सांगायला हवं. दुसऱ्या यंत्रावर शेवटपर्यंत हात नेणाऱ्यांनी एक बटण आणखी खाली नेला. अनामत गेली. थोरल्याने त्यांची समजूत घालायला देशाचे आकडे काढले: एकंदर ८३६० उमेदवार उभे, त्यातले ७१९० जणांचं डिपॉझिट जप्त. अपक्ष ३९२१, निवडून आले सात. सातांतले एक आपल्या सांगलीचे विशाल पाटील, चिन्ह लिफाफा. ‘लिफाफा चालतो तर पर्स का नाही?’ धाकटा म्हणाला. त्याला सांगावं लागलं की लिफाफ्याच्या आत वसंतदादांचा नातू होता. मग त्याने साताऱ्याची पिपाणी काढली. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाला मिळालेलं चिन्ह ट्रम्पेट, म्हणजे पिपाणी. ती पिपाणी ३७ हजार मतं घेऊन गेली, आणि जिंकणाऱ्याचं मताधिक्य त्याहून कमी, ३२ हजार ७७१. ‘काही न करता ३७ हजार!’ धाकटा हळहळला. अण्णा म्हणाले, ‘दुसऱ्याच्या छापासारखा छाप मारून माल खपवायला आपण काही भेसळवाले नाही.’

पुढे केंद्रवार मतांचे आकडे जाहीर झाले. कुणाला मत दिलं ते गुप्त असतं, पण कुठल्या केंद्रावर किती पडली ते गुप्त नसतं. अण्णांनी आपल्या पेठेतल्या केंद्राचा कागद काढला आणि शेजारी उधारीची लाल वही उघडून ठेवली. त्या केंद्राच्या हद्दीत वहीतली ११२ घरं. घरटी एक मत म्हटलं तरी ११२. पडली होती ३८. अण्णांनी बोटांवर हिशोब केला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. ‘मास्तर,’ म्हणाले, ‘उधारीही साधारण याच प्रमाणात वसूल होते. म्हणजे लोक बदललेले नाहीत.’

निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो. न देणारा तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. अण्णांनी चौथ्या दिवशी दिला. २५ हजार त्यांनी स्वतःच्या वहीत ‘बुडीत’ खाती लिहिले आणि त्यावर हळदकुंकू वाहिलं. निवडणुकीच्या दोन महिन्यांत दुकानाचा धंदा मात्र दीडपट झाला होता. तिन्ही मोठ्या पक्षांच्या प्रचार कचेऱ्यांचा चहा, साखर, पोहे, शेंगदाणे अण्णांकडूनच जात होते, कारण पेठेत वजन बरोबर देणारं दुसरं दुकान नाही, हे विरोधकांनाही मान्य होतं. गल्ल्यावर त्या दिवसांत वहिनी बसल्या. अजूनही बसतात.

हरलेल्या दोन्ही पक्षांनी पैसे चुकते केले. जिंकलेल्यांकडून अजून यायचे आहेत.